मताला वजन कोणी द्यायचं?

मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गृहसंकुलाच्या वादात निकाल दिला: अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत देखभालीचा खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात भरायचा, म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्याने जास्त. त्याला जोडून येणारा युक्तिवाद आमच्या पनवेलमध्येही ऐकू येतो. पैसे जास्त भरायचे, तर मतही मोठं हवं. कमिटीची निवडणूक आता मोबाइलवर घेता येते, ओटीपी टाकला की मत पडतं. मग प्रत्येक नावापुढे चौरस फुटांचं वजन लावायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती नीट मांडली पाहिजे.

आधी कायदा. गृहनिर्माण सोसायटी १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते आणि त्याच्या कलम २७ नुसार सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. तिथे कोणी ॲपमध्ये वजनं भरली तर ती निवडणूक बेकायदा ठरेल. १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात मात्र घोषणापत्रात लिहिलेल्या टक्केवारीनेच मतं मोजतात. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन इमारतींत लोकशाहीचे असे दोन अर्थ नांदतात, आणि बहुतेक रहिवाशांना आपण कोणत्या कायद्याखाली राहतो हेच ठाऊक नसतं.

सहकारातला ‘एक सभासद, एक मत’ हा नियम भाबडेपणातून आलेला नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला साखर कारखाना उभा केला, तेव्हा दोन एकरवाल्याला पन्नास एकरवाल्याशेजारी बसवायचं तर दुसरा मार्गच नव्हता. बड्या बागाईतदारांनी पुढे कारखाने ताब्यात घेतलेच, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण त्यासाठी त्यांना लहान शेतकऱ्याच्या दारात मत मागायला जावं लागलं. वजनी मतदानात तेवढीही गरज उरत नाही.

हे सिद्ध करणारा माणूस अमेरिकन आहे: जॉन बॅन्झाफ. १९६५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या नासाऊ परगण्याच्या मंडळाचा हिशेब मांडला. तिथल्या सहा सदस्यांची वजनं त्या काळी ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी होती. एकूण ११५, बहुमत ५८. आता कागद-पेन घ्या. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की किमान ५९ होतात, ठराव पास. उरलेल्या तिघांची बेरीज २५. त्यात एकच मोठा सदस्य मिळाला तर फार तर ५६. ठराव नापास. म्हणजे ज्याच्याकडे २१ मतं होती त्याच्या हातात काडीची सत्ता नव्हती. त्याने हात वर केला काय आणि खाली ठेवला काय, निकाल तोच. कागदावर जवळपास अठरा टक्के, प्रत्यक्षात शून्य.

आपल्या वजनवाल्यांनी ही बेरीज दहा वेळा करावी. मताचं वजन आणि मताची ताकद या निराळ्या गोष्टी आहेत. तळमजल्यावरचे दोन-तीन मोठे गाळे एकाच कुटुंबाचे असतील, तर वरच्या मजल्यांवरच्या माणसांना टक्केवारी मिळेल, पण निर्णय फिरवण्याची संधी मिळेलच असं नाही. आपला हिस्सा अठरा टक्के आहे या समाधानात माणूस वर्षानुवर्षं मत देत राहील.

दुसरा धोका गुप्ततेचा. समजा, इमारतीत बावीस सारखे फ्लॅट आहेत, प्रत्येकी ४.२० टक्के, आणि एक गाळा ७.६० टक्के. निकाल जाहीर होतो: चेअरमनच्या बाजूने ४९.६०. दहा फ्लॅटचे ४२ आणि गाळ्याचे ७.६०, गाळेवाल्याने कोणाला मत दिलं ते साऱ्या इमारतीला कळलं. आकडा ४६.२० आला असता तर ते अकरा फ्लॅटच, गाळेवाला त्यांत नव्हता हेही कळलं असतं. कोणाचाही पासवर्ड फोडावा लागत नाही, नुसती बेरीज पुरते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही मतांना वजन असतं, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य सारखंच, १७५. म्हणून आकड्यावरून कोणा एकाचं मत ओळखता येत नाही.

इथवर लिहून थांबलो असतो, पण पनवेलमध्ये राहून थांबता येत नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँक इथलीच. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. त्या बँकेतही कायद्याने ‘एक सभासद, एक मत’ हाच नियम होता. पण जो नुसता ठेवीदार असतो, सभासद नसतो, त्याला संचालक मंडळ निवडताना मतच नसतं. विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंत. त्यावरची आयुष्यभराची कमाई धोक्यात आणि मताचं वजन शून्य. ज्याचं नुकसान होणार त्याला बोलायचा हक्क हवा, हा वजनवाल्यांचा मूळ मुद्दा इथे मला नाकारता येत नाही. समान मत पुरेसं नाही. मतदारयादीत कोण आहे, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

म्हणून माझी भूमिका अशी. लिफ्ट बदलणं, रंगकाम, दुरुस्ती असा जो खर्च हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो, त्या ठरावापुरतं वजनी मत अपार्टमेंटमध्ये मला मान्य आहे. वजनं मात्र ढोबळ टप्प्यांत असावीत, म्हणजे कोणी एकटा उघडा पडणार नाही. ती ठराव सभेपुढे येण्याआधी लिहून सर्वांना दाखवावीत, आणि सर्वांत लहान हिस्सेदार किती प्रसंगी निकाल फिरवू शकतो हे बॅन्झाफच्या पद्धतीने मोजून सभेत वाचून दाखवावं. उत्तर शून्य आलं तर ती वजनं रद्द करावीत.

कमिटी निवडणं हा वेगळा प्रश्न आहे. पाणी कधी सुटणार, वॉचमन कोण, भाडेकरूशी कसं वागायचं, हे कमिटी ठरवते, आणि ते सहाशे चौरस फुटांतल्या माणसाला तितकंच भोगावं लागतं जितकं बाराशेतल्याला. तेव्हा १९७०च्या कायद्यात दुरुस्ती करून अपार्टमेंटच्या कमिटीची निवडणूकही ‘एक घर, एक मत’ या नियमाने व्हायला हवी. मोठ्या घराला मोठं बिल येऊ दे. कमिटी निवडताना त्याचं मत एकच असावं.