आनंदाची पहिली पायरी

रेड वेल्वेटचं ‘रेड फ्लेवर’ हे माझ्या मते कोरियन मुलींच्या गटांनी काढलेलं सर्वांत सुंदर उन्हाळी गाणं आहे. तिकडे दर उन्हाळ्यात अशी गाणी येतात. सिस्टारची तर ओळखच ती होती, ट्वाइसचं ‘डान्स द नाइट अवे’ही मला आवडतं. पण ‘रेड फ्लेवर’ला तोड नाही. त्याला प्रस्तावना नाही, ध्रुवपदानंच सुरुवात होते आणि तो जोर शेवटपर्यंत ओसरत नाही. व्हिडिओत जिकडेतिकडे फळं. आयरीनचं कलिंगड, सुलगीचं अननस आणि धाकट्या येरीची द्राक्षं. मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत वाढले, त्यामुळे येरी लाडकी असणारच.

गाणं आलं ९ जुलै २०१७ ला. आपल्याकडे त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. तिकडचं ते उन्हाळी गाणं, आणि नाशिकला मात्र गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते बघायचे दिवस.

माझे काका निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जातात. माझं हे गाण्याचं वेड बघून ते मला म्हणतात, “पोरी, हा नुसता भोग झाला. यात देव कुठं आहे?” प्रश्न खरा आहे. मी संस्कृत शिकवते, त्यामुळे तो मला टाळताही येत नाही.

उत्तर शोधायला मी तैत्तिरीय उपनिषदाकडे जाते. तिथे आनंद चक्क मोजलेला आहे. मोजायला माप कोणतं घेतलं? एक तरुण माणूस: सज्जन, शिकलेला, धडधाकट, आणि धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. त्याचं सुख म्हणजे एक. पुढे दर पायरीला शंभरपट होत होत पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि शेवटी ब्रह्मानंद. ऋषीनं तारुण्याचं सुख खोटं म्हणून फेकून दिलं नाही, मोजणीच तिथून सुरू केली. आणि तरुणाच्या लगेच वरच्या पायरीवर कोण आहेत? गंधर्व. गाणारे! हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

मात्र त्याच गंधर्वांच्या पायरीपासून ऋषी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: जो वेद जाणतो आणि ज्याला कामनेनं घायाळ केलेलं नाही, त्यालाही हा आनंद मिळतो. चाहत्यांचं नेमकं इथेच अडतं. अल्बममध्ये फोटोकार्ड असतं. कुणाचं, ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. मग हवी ती मुलगी निघेपर्यंत तोच अल्बम पुन्हा पुन्हा घ्यायचा. व्ह्यूज वाढावेत म्हणून मोबाइलवर रात्रभर गाणं लावून ठेवायचं. ते वाजतं, ऐकत कुणीच नाही. ज्या समर्थांनी आपल्या टाकळीला बारा वर्षं तप केलं, त्यांच्या दासबोधातला चौथा दशक नवविधा भक्तीचा आहे, आणि त्यात पहिली भक्ती श्रवण. ऐकणंच सुटलं तर उरतं काय? काकांचा ‘भोग’ हा शब्द मला इथे पूर्ण मान्य आहे. गाण्याला तो लावला तर मान्य नाही.

१ एप्रिल २०१८ ला रेड वेल्वेटनं हेच गाणं उत्तर कोरियात, प्योंगयांगला, किम जोंग उन यांच्यासमोर गायलं. पाचजणींपैकी जॉय नव्हती, चौघीच होत्या. त्यात राजकारण होतंच. पण समोरच्या लोकांना ना अल्बम घ्यायचे होते, ना व्ह्यूज वाढवायचे होते. त्यांच्या वाट्याला फक्त गाणं आलं. त्या कार्यक्रमाची चित्रफीत मला मूळ व्हिडिओइतकीच मोलाची वाटते.

नाशिकमधल्या माझ्यासारख्या चाहत्या मुलींनो, अल्बम एकच घ्या. ज्या मुलीचं कार्ड निघेल तिला आपली म्हणा. गाणं लागलं की हातातलं काम ठेवून ते शेवटपर्यंत ऐका, आणि घरातल्या काकांनाही एकदा शेजारी बसवून ऐकवा.