गाव डिलीट करता येतं का?

चौथीत असताना मी एक चित्र काढलं होतं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, मागे डोंगर, कोपऱ्यात सूर्य. आमच्या चित्रकलेच्या क्लासचे सर दरवर्षी पंधरा-वीस मुलांची चित्रं गोळा करून परदेशी पाठवायचे. चित्राच्या मागे नाव, वय, शाळा लिहायची. आणि गठ्ठ्यावर पत्ता: लिडिस, झेक प्रजासत्ताक. 'लिडिसला नंबर आला' म्हणजे पेपरात फोटो. माझा काही आला नाही. लिडिस हे आमच्यासाठी स्पर्धेचं नाव होतं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटसारखं. ते एक गाव आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे प्रागला होतो. मॅपवर उगाच झूम करत बसलो असताना शहराच्या वायव्येला, वीसेक किलोमीटरवर ते नाव दिसलं. खरा उच्चार लिडित्सेच्या जवळचा. शनिवारी बस पकडली आणि अर्ध्या तासात तिथे उतरलो.

जुन्या गावाच्या जागी पाहण्यासारखं काही नाही, असं पहिल्यांदा वाटतं. एक उथळ दरी, दोन्ही बाजूंनी उतरत आलेलं गवत, मधून ओढा. कुठे तरी पायाचे दगड, कुठे एक क्रॉस. उन्हात छान हिरवंगार. माहीत नसेल तर माणूस तिथे डबा उघडून बसेल.

पण इथे सहाशे वर्षांहून जुनं गाव होतं. लेखी उल्लेख सापडतो तो 1318 सालचा. सेंट मार्टिनचं चर्च, एक शाळा, तळं, ओढ्याच्या कडेने घरं. वस्ती साधारण 500. शेजारी क्लाद्नो हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर, त्यामुळे बरेचसे पुरुष खाणीत किंवा कारखान्यात पाळ्या करायचे. गावात कुणाची शेती, कुणाची बेकरी. इतिहासाच्या पुस्तकात यावं असं काही तिथे घडत नव्हतं. बहुतेक गावांचं असंच असतं आणि ते चांगलंच असतं.

27 मे 1942 ला ब्रिटनहून पॅराशूटने उतरलेल्या दोन सैनिकांनी प्रागमध्ये राइनहार्ड हायड्रिखवर हल्ला केला. हा नाझींचा तिथला सर्वेसर्वा, ज्यूंच्या संहाराच्या आखणीतलं मोठं नाव. 4 जूनला तो मेला. नाझींना बदला हवा होता आणि मारेकरी सापडत नव्हते. सापडली होती एक चिठ्ठी. एका विवाहित माणसाने कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला लिहिलेली, संबंध तोडण्यासाठी गूढ वाटेल अशा भाषेत. ती मालकाच्या हाती पडली, तिथून पोलिसांकडे गेली. चौकशीत लिडित्सेतल्या एका कुटुंबाचं नाव निघालं. त्या घरातला मुलगा आणि गावातला आणखी एक जण ब्रिटनच्या हवाई दलात होते. बस, एवढंच. हल्ल्याशी गावाचा संबंध नव्हता, झडतीत काही मिळालंही नव्हतं.

माझ्या कामात याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. दोन-तीन खुणा जुळल्या की सिस्टीम लाल झेंडा लावते. आमच्याकडे मग माणूस ती केस उघडून बघतो. लिडित्सेच्या बाबतीत कुणाला बघायचंच नव्हतं. त्यांना गुन्हेगार नको होता, उदाहरण हवं होतं. म्हणून याला चूक म्हणताना जीभ अडखळते. चूक दुरुस्त करण्याची निदान इच्छा तरी असते.

10 जूनला एका शेतघराच्या भिंतीपाशी 173 पुरुषांना गोळ्या घातल्या. रात्रपाळीला गेलेल्यांनाही नंतर पकडून मारलं. बायकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं. मुलांमधली 'जर्मन करता येतील' अशी काही वेगळी काढली. बाकीच्यांपैकी 82 मुलांना पोलंडमधल्या हेल्मनो इथे विषारी वायूने मारलं. एकूण बळी 340.

इथवर क्रौर्य आहे. पण पुढे जे केलं त्याला नाव सापडत नाही. घरं जाळली, चर्च सुरुंगाने उडवलं, दफनभूमी उकरली, झाडं तोडली, तळं बुजवलं, ओढ्याचा मार्ग बदलला, सगळ्यावर माती ओढून सपाट केलं. मेलेल्यांनाही तिथे राहू द्यायचं नव्हतं. गावाचं नाव पुसून टाकल्याचं सरकारी निवेदनात जाहीर केलं. आणि या सगळ्याचं चित्रीकरण करून ठेवलं.

मी रोज डेटाबेसमध्ये काम करतो. डिलीट करणं दिसतं तितकं सोपं नसतं, कारण एका नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या दुसऱ्या नोंदी कुठे कुठे पडलेल्या असतात. लिडित्सेचंही तसंच झालं. दोन मुलगे ब्रिटनमध्ये विमानं घेऊन होते. बायका छावणीत होत्या. आणि एक गावकरी तुरुंगात होता. 1938 मध्ये घरच्या भांडणात त्याच्या हातून स्वतःच्या मुलाचा जीव गेला होता. शिक्षा संपवून डिसेंबर 1942 मध्ये तो घरी निघाला, तर घर नाही, बायको नाही, मुलं नाहीत, गावच नाही. खुनाच्या शिक्षेने वाचवलेला माणूस! यातून काही तात्पर्य काढायचा मी प्रयत्न केला. निघत नाही.

नाव तर पुसलं गेलंच नाही, कारण पुसल्याची दवंडी त्यांनीच पिटली होती. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला बार्नेट स्ट्रॉस या डॉक्टरने त्याच वर्षी 'लिडित्से जगेल' म्हणून मोहीम उभी केली. गाव पुन्हा उभं करण्यासाठी तिथल्या खाणकामगारांनी पैसे गोळा केले. अमेरिकेत, मेक्सिकोत वस्त्यांना लिडित्सेचं नाव दिलं गेलं.

म्हणजे स्मृती जिंकली, असं लिहून लेख संपवता आला असता. पण मला लेझाकी आठवतं. पूर्व बोहेमियातली ही एक गिरणी आणि काही घरांची छोटी वाडी. पॅराशूटने आलेल्या गटाचा रेडिओ ट्रान्समीटर तिथे लपवला होता, म्हणजे त्या लोकांनी खरोखर जीव धोक्यात घातला होता. 24 जून 1942 ला तिथल्या 33 मोठ्या माणसांना गोळ्या घातल्या. 13 पैकी 11 मुलांना हेल्मनोला मारलं. वाडी पुन्हा कधी उभी राहिली नाही. तुम्ही हे नाव आधी ऐकलं होतं का? मी नव्हतं. जगाच्या आठवणीलाही नशीब लागतं. मग पुसण्याविरुद्धची आपली सगळी भिस्त फक्त आठवणीवर कशी ठेवायची?

याचं उत्तर मला परतलेल्या बायकांमध्ये सापडतं. युद्ध संपल्यावर 143 बायका परत आल्या. मुलं सापडली फक्त 17. जर्मन घरांत वाढलेली काही मुलं झेक विसरली होती. एका मुलीची आई आजारी, दवाखान्यात, आणि समोर उभ्या लेकीशी बोलायला दोघींमध्ये एक भाषा नाही. हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवला. मातीने गाव बुजवता येतं, पण गाव खरं मोडतं ते इथे, आई आणि मुलीच्या मधल्या त्या शांततेत. आणि पुन्हा उभंही तिथूनच राहतं. मुली पुन्हा झेक शिकल्या.

या बायकांसाठी जुन्या जागेला लागूनच, वरच्या अंगाला नवं लिडित्से बांधलं. 1947 मध्ये पायाभरणी, एकूण 150 घरं. जुन्या आणि नव्याच्या मध्ये 1955 मध्ये गुलाबांची बाग लावली, देशोदेशींहून आलेल्या रोपांची. दरीकडे बघत उभी असलेली ब्रॉन्झची 82 मुलं मारी उखितिलोव्हा या शिल्पकर्तीची. अंगकाठी, वय, सगळं वेगवेगळं. तिथे मी बराच वेळ उभा होतो, सगळे राहतात तसा.

बस चुकली म्हणून मग नव्या गावातून चालत फिरलो. एकसारखी, उतरत्या छपरांची घरं. अंगणात सफरचंदाचं झाड, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कुणीतरी गाडी धूत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मला एकदम लाज वाटली. मी मेलेलं गाव बघायला आलो होतो आणि जिवंत गावाकडे बसस्टॉपचा रस्ता म्हणून बघत होतो. 1318 पासूनची वर्षं एका दिवसात कोंबून टाकायचं काम तर नाझींनी केलं होतं. लिडित्से म्हणजे फक्त 10 जून 1942, असं म्हणणारा मी नकळत त्यांचंच वाक्य पुढे चालवत नव्हतो का?

यावर प्रतिवाद आहे आणि तो खोटा नाही. तो दिवस विसरला तर त्या 82 मुलांचं काय? म्हणून स्मारक हवंच. पण गावाचं देणं एवढ्यावर फिटत नाही. मेलेल्यांची आठवण ठेवणं आणि जगणाऱ्यांना नुसतं जगू देणं, दोन्ही लागतं. यातलं दुसरं आपण सहज विसरतो, कारण वाळणाऱ्या कपड्यांचा कुणी फोटो काढत नाही.

ती चित्रकला स्पर्धा 1967 मध्ये या मारल्या गेलेल्या मुलांच्या आठवणीत सुरू झाली आणि 1973 पासून आंतरराष्ट्रीय झाली. सरांनी आम्हाला हे का सांगितलं नाही, असा राग मला बसमध्ये येत होता. आता तो तितका उरलेला नाही. त्या गावाने जगभरातल्या मुलांकडे अश्रू मागितले नाहीत, चित्रं मागितली. नऊ वर्षांच्या मुलाने विहीर, डोंगर आणि सूर्य काढून पाठवावा, एवढंच. ते मी केलं होतं. नवाच्या वर्षी तेवढं पुरेसं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी नाही, म्हणून हे लिहिलं.