नाव नको, पण...

‘नावात काय आहे?’ असं विचारणाऱ्या त्या इंग्रज नाटककाराने एकदा बँकेत खातं उघडून पाहावं. इथे नावाची एक वेलांटी चुकली तर चेक परत जातो. अर्थ मात्र काउंटरवर कुणी विचारत नाही. सातारा-सांगलीकडच्या ‘नकुसा’, ‘नकुशी’ या नावांचा तो विचारावाच लागत नाही. नको होती, म्हणून नकुसा!

आता वाईट नावं मुलग्यांनाही ठेवीत. आधीची मुलं दगावली, की पुढचा धोंडू, दगडू नाहीतर केरबा. यमाला वाटावं, हा धोंडा नेऊन काय करायचाय! म्हणजे धोंडू हवा म्हणून धोंडू. नकुसा मात्र खरोखरच नको म्हणून नकुसा. नाव पोरीचं, पण तो देवाकडे केलेला अर्ज: ‘मुली पुरे, आता मुलगा पाठव.’ आणि अर्ज गळ्यात अडकवून जन्मभर हिंडायचं तिनं!

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींचं पुन्हा बारसं केलं. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेनटीचं. स्वतःच्या बारशाला जागेपणी हजर राहण्याचा मान राजकन्यांनाही मिळत नाही!

मग नाव कुणाच्या मालकीचं? ठेवणाऱ्याच्या की वागवणाऱ्याच्या? माझ्या कारकुनी मते वागवणाऱ्याच्या. सही तिला करायची असते. तिचं नाव पासबुकात एका ओळीत बदलतं. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘नको’ निघालं, त्याच्या मनातली नोंद बदलायचा फॉर्म मात्र आमच्याकडे नाही.