दुसऱ्यांदा रोममध्ये

प्राचीन नगरात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तेथे अध्ययनासाठी राहून, सुट्टीत घरी येऊन, पुन्हा माघारी गेलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या दिवसाचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. वस्तुतः नीतीच्या दृष्टीने हाच दिवस अधिक विचारार्ह होय.

रोमचेच उदाहरण घेऊ. पँथिऑनच्या सुमारे ४३ मीटर व्यासाच्या घुमटाखाली जो तरुण पहिल्या खेपेस तासभर मान वर करून उभा राहिला, तोच आता त्याच्या दारावरून दूध-पाव घेऊन झपाझप निघून जातो. तहान लागली तर रस्त्यावरच्या 'नासोनी' नळाचे तोंड बोटाने दाबून वरच्या छिद्रातून उसळणारी धार सराईतपणे तोंडात धरतो. पुन्हा रोमला येणे घडावे म्हणून प्रवासी त्रेव्हीच्या कारंज्यात नाणे टाकतात. याला मात्र परत आणले ते पोस्टात अर्ज भरून मिळविलेल्या वास्तव्याच्या परवान्याने! रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनास चुटपुट लागते. आपला विस्मय कोठे गेला? अतिपरिचयाने अवज्ञा होते असे म्हणतात. मग आपण या नगराशी कृतघ्न तर झालो नाही ना?

ही चुटपुट मला अस्थानी वाटते. जर्मन महाकवी गटे हा १७८६ च्या शरदात रोमला आला, तेव्हा मंत्रिपद भोगलेला, चाळिशीकडे झुकलेला पुरुष होता. पुढील फेब्रुवारीत तो नेपल्स व सिसिलीकडे गेला आणि १७८७ च्या जूनमध्ये पुन्हा रोमला परतून पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत राहिला. पहिल्या मुक्कामात त्याने पाहिले. दुसऱ्यात तो हाती पेन्सिल घेऊन चित्रकला शिकत बसला. डोळे दिपलेल्या माणसाच्या हातून रेषा नीट उमटत नाही.

शिवाय विस्मय ही नेहमीच निष्पाप वस्तू असते असे नाही. फोरममध्ये टायटसची कमान उभी आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील सात शाखांचा दीप लुटून आणला. तो मिरवीत नेण्याचा देखावा या कमानीवर कोरलेला आहे. प्रथम पाहणारा कोरीवकामावरच लुब्ध होतो. रोममधील ज्यू लोक त्या कमानीखालून जाण्याचे टाळीत, ही परंपरा त्याच्या कानी कोठून येणार? १९४७ पर्यंत परसत्तेखाली राहिलेल्या देशातून गेलेल्या तरुणाने तरी जेत्याच्या स्मारकापुढे नुसते भारावून उभे राहावे काय? पण हा प्रश्न सुचण्यास आधी भारावलेपण ओसरावे लागते.

याचा अर्थ त्याने रोमवर रुसावे असा नव्हे. आपल्याकडे ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे मानीत. ते ऋण केवळ स्वकुळातील पूर्वजांचे, असा संकुचित अर्थ मला पटत नाही. अग्रिप्पाने ख्रिस्तपूर्व १९ मध्ये नगरात पाणी आणले. मध्यंतरी बिघडलेला तो जलमार्ग पुढे दुरुस्त झाला आणि त्रेव्हीचे कारंजे आजही त्याच्याच पाण्यावर चालते. पाणी कोणी बांधून आणले आणि कोणाच्या घामाने, हे दोन्ही जाणून घेणे विद्यार्थ्याच्या ऋणात मोडते. प्रवाशाकडून ही अपेक्षा कोणी करू नये. त्याची गाडी सुटावयाची असते.

तेव्हा सामान लावून झाले की आपल्या विद्यार्थ्याने वही घेऊन त्या कमानीपाशी जावे. आता त्याला लॅटिन येते. कलोसियमकडील बाजूचा मूळ लेख चारच ओळींचा आहे. सिनेट आणि रोमन जनता यांनी ही कमान दिव्यत्व पावलेल्या टायटसास अर्पण केली, एवढेच त्यात म्हटले आहे. जेरुसलेमचे नाव त्यात कोठेही नाही.