नोंद पुसावी काय?

अनेकांनी मिळून चालविलेल्या कार्यात एकाच्या हातून चूक झाली आणि ती लेखी नोंदली गेली, तर ती नोंद पुसून टाकण्याचा अधिकार त्याला आहे काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु अमेरिकेतील शाळकरी मुलांपुढे तो आज एका नव्या रूपाने उभा राहतो.

डीन केमन यांनी १९८९ साली स्थापिलेली ‘फर्स्ट’ ही संस्था १९९२ पासून विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धा भरवीत आली आहे. यंत्राने कसे चालावे, केव्हा थांबावे, याची आज्ञावली अनेक मुले वेगवेगळ्या संगणकांवर लिहितात. एकाचे लिखाण दुसऱ्याकडून नकळत पुसले जाऊ नये म्हणून पुष्कळ संघ ‘गिट’ हे साधन वापरतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी निर्मिले. त्याचे वैशिष्ट्य असे की, मूळ वही एकाच्याच कुलपात राहत नाही. प्रत्येकाच्या संगणकावर आरंभापासूनचा सारा इतिहास असतो. इंटरनेट नसले तरी मुलगा आपला बदल नोंदवू शकतो व मागाहून तो इतरांच्या नोंदींशी जुळवून घेता येतो. प्रत्येक नोंदीबरोबर कर्त्याचे नाव, वेळ आणि बदलाविषयीचे चार शब्द राहतात.

आता समजा, एका मुलाने एक चिन्ह उलटे लिहिले आणि यंत्र पुढे जाण्याऐवजी मागे जाऊन आदळले. त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, नवी नोंद करून जुना बदल रद्द करावा. यात चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतात. दुसरा, इतिहासच नव्याने लिहावा आणि तो सामायिक प्रतीवर बळाने लादावा; यात चूक झालीच नव्हती असे भासते. साधन दोन्ही करू देते. म्हणजे निर्णय साधनाचा नव्हे, माणसाचा.

कोणी म्हणेल, कोवळ्या वयातील चूक कायमची लिहून ठेवणे हे निष्ठुरपणाचे नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. तथापि येथे एक भेद करावयास हवा. जे लिखाण अद्याप आपल्याचपाशी आहे, ते खोडावे, सुधारावे, नीटनेटके करावे. त्यात कोणाची वंचना नाही. परंतु ते एकदा सोबत्यांच्या हाती गेले की त्यावर त्यांचे काम उभे राहते. गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आधीच्या नोंदीवरूनही ठरते. एक बदलली की पुढच्या साऱ्यांची ओळख बदलते. मग ज्यांनी काही चुकविले नाही त्यांच्या प्रती जुळेनाशा होतात आणि त्यांचे कष्टही वाया जाऊ शकतात. आपल्या देवस्थानाच्या जमाखर्चातही चुकलेली रक्कम खरवडून काढणे शिष्टसंमत नाही. तिच्यावर रेघ ओढून शेजारी खरी रक्कम मांडावी, हीच रीत. खाडाखोड दिसली तरी चालते. ती लपविली की विश्वास जातो.

मात्र हे सारे ओझे एकट्या मुलावर टाकणे न्यायाचे होणार नाही. गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची एक आज्ञा आहे. ब्लेम म्हणजे दोष देणे. ती आज्ञा इतकेच सांगते की, अमुक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला. त्याने कदाचित केवळ मोकळी जागा नीट केली असेल! नाव सापडले म्हणजे अपराधी सापडला, असे जो नायक मानतो, तोच आपल्या सोबत्यांना लपवाछपवी शिकवितो. या स्पर्धांत रुजलेली वुडी फ्लॉवर्स यांची शिकवण अशी की, चुरस तीव्र असावी, पण परस्परांविषयीचा आदर सुटू नये. हा आदर प्रतिपक्षाला देणे त्या मानाने सोपे. आपल्याच चुकलेल्या सोबत्याला तो देणे कठीण.

म्हणून प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. सर्वांची झालेली नोंद पुसू नये, हे चुकणाऱ्याचे कर्तव्य. आणि ती पुसण्याची इच्छाच होऊ नये असे वागणे, हे इतरांचे. सत्य लिहिण्याचे धैर्य एकट्याच्या अंगी असते खरे, परंतु ते टिकते ते चारचौघांच्या क्षमाशीलतेवर.