कशाने धुतलं म्हणजे चालेल?

माझा चुलतभाऊ अमेरिकेत गॅरेजमध्ये बीअर बनवतो. इंदापुरात हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणावं लागतं. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरात असलं काही आंबवत ठेवणं गुन्हा आहे. तिकडे १९७८च्या कायद्याने घरापुरती बीअर करमुक्त झाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त प्रौढ असले तर घराला २००. तर हा दादा महिनाभर एकाच प्रश्नात अडकला होता. धान्य, हॉप्स, यीस्ट हे सगळं ठरलं होतं. भांडी निर्जंतुक करायला काय वापरायचं, एवढंच ठरत नव्हतं.

मला आधी हसू आलं. मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. ब्लीच स्वस्त आणि जालीम. पण ते नीट धुतलं गेलं नाही तर त्यातलं क्लोरीन बीअरमधल्या फिनॉलशी जुळतं आणि घोटाला दवाखान्याचा वास येतो. आयोडोफर, म्हणजे आयोडीनचं द्रावण, १२.५ पीपीएम इतकं पातळ केलं तर एकदोन मिनिटांत काम होतं आणि नंतर धुवावंही लागत नाही, फक्त प्लास्टिकवर पिवळे डाग पडतात. फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझरही धुवावं लागत नाही, पण जड पाण्यात ते गढूळ होतं आणि त्याची आम्लता टिकली आहे का, ते तपासावं लागतं. उकळतं पाणी सगळ्यात जुनं, पण प्लास्टिकचा डबा त्याने वाकडा होतो.

आणि या सगळ्यांच्या आधी एक नियम: मळावर सॅनिटायझर चालत नाही. आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. राप तसाच ठेवून वर कितीही भारी औषध ओतलं तरी जंतू त्या रापाखाली सुखात राहतात.

आईला हे सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. आमच्याकडे चार गाई आहेत. धार काढून झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, म्हणजे कासदाह होत नाही. दुधाचा कॅन आधी सोड्याने घासायचा, मग कडक पाण्याने विसळून उपडा घालायचा. आणि संध्याकाळी तीच आई दूध उकळून, कोमट करून, त्यात चमचाभर विरजण घालते. म्हणजे आधी सगळ्यांना बाहेर काढायचं आणि मग आपल्याला हवे त्यांना आत घ्यायचं. दादाही दुसरं काही करत नाही. त्याचं सॅनिटायझर भांड्यातला प्रत्येक जीव मारत नाहीच. ते फक्त नको त्यांची संख्या इतकी कमी करतं, की त्याच्या यीस्टला आधी पाय रोवता यावेत.

मला यात आवडलं ते हे, की प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे. किती प्रमाण? इतकं. किती वेळ? दोन मिनिटं. झालं का स्वच्छ? झालं. डबा काल कुणी हाताळला होता, कोणत्या घरातून आला, याची आयोडीनला काही पडलेली नाही. दोन मिनिटांनंतर डब्याचा भूतकाळ संपतो.

आता आपल्या भाषेकडे बघा. स्वच्छ आणि शुद्ध हे शब्द आपण एका दमात म्हणतो, जणू ते जुळे भाऊ आहेत. मला वाटतं, ते शत्रू आहेत.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं. नगरपालिकेने ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. इतर धर्मांचे लोक तिथलं पाणी वापरत, जनावरंही पीत. पण या दिवसानंतर सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात कालवलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं.

हे माझ्या दादाच्या नजरेने वाचून बघा. पिण्याच्या पाण्यात शेण आणि दही! ज्याने जंतू वाढतील तेच आत घातलं आणि पाणी सुधारलं असं समजले. म्हणजे तिथे पाण्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न माणसांचा होता, पाणी फक्त साक्षीला बोलावलं होतं. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण आमच्या तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात. भर उन्हात तोडणी चालू असते, जवळच्या घरातून चहा जातो. काही घरांत त्या चहासाठी वेगळे ग्लास असतात. ते घासलेले असतात, लखलखीत असतात, पण ते राहतात बाहेरच्या कोनाड्यात. अशाच एका घरातल्या काकांना मी विचारलं, “काका, हा ग्लास कशाने धुतला म्हणजे आत मांडणीवर ठेवता येईल?” ते चिडले नाहीत. म्हणाले, “तसं नसतं गं ते.”

याहून खरं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. सोडा नाही, उकळतं पाणी नाही, १२.५ पीपीएम नाही, किती मिनिटं तेही नाही. ज्या अस्वच्छतेवर कोणतंच औषध चालत नाही, ती अस्वच्छता नसतेच. ‘कशाने धुतलं म्हणजे चालेल?’ या प्रश्नाला उत्तर असेल तर तो स्वच्छतेचा मामला आहे. उत्तर नसेल तर स्वच्छतेचं नाव घेऊन दुसरंच काही चाललं आहे.

कुणी म्हणेल, मग विज्ञानाचा मार्ग निर्धोक झाला म्हणायचा. तसंही नाही. मार्च २०२०च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी केली गेली. हे तेच द्रव्य, जे दादाच्या यादीत ब्लीच म्हणून होतं. ते फरशीसाठी आहे, माणसाच्या कातडीसाठी आणि डोळ्यांसाठी नाही. पुढे केंद्राच्या आरोग्य खात्यालाच माणसांवर फवारणी करू नका असं कळवावं लागलं. बाटली विज्ञानाची होती, हात मात्र १०८ घागरीवाल्यांचा होता. वस्तूऐवजी माणूस धुवायला घेतला की कोणतंही द्रव्य गोमूत्र होतं.

याच्या बरोबर उलट गोष्ट १८४७ मधली आहे, व्हिएन्नाची. प्रसूतीच्या दोन वॉर्डांपैकी डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरत, सुइणींच्या वॉर्डात कमी. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येत. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक डॉक्टर दुखावले. बाळंतिणींना ताप हवेमुळे येतो, त्यांच्या प्रकृतीमुळे येतो, हे चालत होतं. तो आमच्या हातांमुळे येतो, हे चालत नव्हतं.

मला तर हीच खूण पक्की वाटते. स्वच्छता आधी स्वतःचे हात बघते. शुद्धता कायम दुसऱ्याचे हात शोधत असते. स्वच्छतेत पाळणाऱ्यालाच तसदी पडते: घासा, मोजा, थांबा, पुन्हा करा. शुद्धतेत सगळी तसदी समोरच्याला, आपण फक्त कोनाडा दाखवायचा.

दादाने शेवटी आम्लाचं सॅनिटायझर घेतलं, तेही गाळलेल्या पाण्यात मिसळायला. मी हे लिहितेय तेव्हा इथे गाळप सुरू झालंय, फडांमध्ये कोयते चालू आहेत. दुपारी कुठल्या तरी बांधावर चहा जाईल. तो कोणत्या ग्लासातून जातोय ते बघा, आणि ग्लास वेगळा दिसला तर घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा: कशाने धुतलं म्हणजे चालेल? भांडायची गरज नाही. उत्तर येईपर्यंत फक्त थांबायचं.