परत येणाराचें धैर्य

१९६९ सालच्या जुलै महिन्यांत तीन माणसें चंद्राकडे गेलीं, त्यांपैकीं दोघे चंद्रावर उतरले व तिसरा वरच घिरट्या घालीत राहिला, ही गोष्ट आतां शाळेंतल्या मुलांसही ठाऊक आहे. उतरलेल्या दोघांचीं नांवें, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन, मुलें चटकन् सांगतात. तिसऱ्याचें विचारलें असतां बहुधा अडखळतात. मायकेल कॉलिन्स हें तें नांव. हा गृहस्थ २०२१ सालच्या एप्रिलमध्यें वयाच्या नव्वदाव्या वर्षीं वारला, आणि त्या निमित्तानें जें लिहिलें-बोललें गेलें त्यांत 'जगांतील सर्वांत एकटा मनुष्य' हें त्याचें जुनें बिरुद पुन्हां एकदां झळकलें. बिरुद आकर्षक आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यामुळें त्या मनुष्याची खरी कसोटी कशांत होती तिकडे लोकांचें लक्षच गेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कॉलिन्सनें स्वतः हें बिरुद कधीं मानलें नाहीं. 'कोलंबिया' हें त्याचें यान चंद्राभोंवतीं सुमारें दोन तासांत एक प्रदक्षिणा करी. त्यांपैकीं पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ तें चंद्राच्या आड असे, आणि तेवढ्या वेळांत पृथ्वीवरून त्याला शब्द येत नसे कीं त्याचा शब्द पृथ्वीला पोंचत नसे. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'कॅरिंग द फायर' या आत्मवृत्तांत तो सांगतो कीं, त्या निःशब्दतेंत आपणांस भय वाटलें नाहीं. उलट एक प्रकारचें समाधान, जवळजवळ उल्हासच वाटला. (ज्याच्या घरीं तीन मुलें आहेत आणि ज्याला पृथ्वीवरून दिवसभर सूचना ऐकाव्या लागतात, त्याला पाऊण तास कोणी हांक मारीत नाहीं याचें सुख आम्हांस तरी सहज समजतें.) परंतु त्याच पुस्तकांत त्यानें दुसरी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि ती वाचल्यापासून आमच्या मनांतून गेलेली नाहीं. उड्डाणाच्या आधींचे सहा महिने एक गुप्त भीति त्याच्या मनांत घर करून होती. ती स्वतःच्या मरणाची नव्हे. त्या दोघांना चंद्रावर सोडून आपणांस एकट्यासच पृथ्वीवर परत यावें लागेल कीं काय, ही ती भीति. तसें झालें तर आपण आत्मघात करावयाचा नाहीं, तडक घरीं यावयाचें, हें त्यानें मनाशीं ठरविलें होतें. आणि त्यानंतर जन्मभर कपाळीं एक खूण घेऊन हिंडावें लागेल, हेंही तो जाणून होता.

ही भीति नुसत्या कल्पनेची नव्हती. चंद्रावरून वर उडण्यासाठीं 'ईगल' यानास एकच एंजिन होतें. त्याला दुसरें जोड एंजिन नव्हतें. शिवाय त्यांतील द्रव्यें इतकीं झोंबणारीं, कीं एकदां चालविलेलें एंजिन पुन्हां तसेंच वापरतां येत नसे. म्हणून चंद्रावर जें न्यावयाचें तें आधीं एकदांही पेटवून पाहिलेलें नव्हतें. त्याच्यासारखीं दुसरीं पुष्कळ पारखलीं, तें मात्र नाहीं. ईगल वर आलें पण लवकर आलें, उशिरा आलें, भलत्याच उंचीवर आलें, तर कोलंबियानें त्याला कसें गांठावें याच्या निरनिराळ्या १८ योजना एका वहींत लिहिलेल्या होत्या, आणि ती वही कॉलिन्सनें गळ्यांत अडकवून ठेवली होती. परंतु ईगल मुळीं उडालेंच नाहीं, तर? कोलंबियाला चंद्रावर उतरावयास पाय नव्हते. त्या प्रसंगीं योजना एकच : दोन रिकाम्या आसनांसह यान एकट्यानें घरीं आणावयाचें. आणि हेंही त्याला रीतसर शिकविण्यांत आलें होतें.

यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. ज्यांना वांचविणें शक्य नाहीं त्यांच्याबरोबर मरण्यांत काय अर्थ? तिघे मरण्यापेक्षां दोघे मेले हें बरें. हिशेब सरळ आहे. हा हिशेब आम्हांसही मान्य आहे. पण हिशेब मान्य असणें निराळें, आणि तो अमलांत आणणारा हात आपला असणें निराळें. ते दोघे कांहीं त्याच क्षणीं मरणार नव्हते. त्यांच्यापाशीं कांहीं काळ पुरेल एवढा प्राणवायु असता. ते बोलत असते. यंत्रांतून त्यांचा आवाज कॉलिन्सच्या कानीं येत असता. तो आवाज कानांत असतांना परतीच्या एंजिनाची कळ दाबावयाची, हें तें कर्म. शास्त्रानें ज्याला पाप म्हटलेलें नाहीं, न्यायासनापुढें जो अपराध ठरत नाहीं, तरीही करणाराच्या अंगावरून जें कधींच धुतलें जात नाहीं, अशा जातीचें तें आहे. अशा कर्माला काय म्हणावें, याचें उत्तर आमच्या नीतिग्रंथांतून सहसा सांपडत नाहीं.

याचें एक कारण असें कीं, आपली स्तुति न परतणारांसाठीं राखून ठेवलेली असते. दोर कापून लढणारे, खिंड अडवून पडणारे, जहाजाबरोबर बुडणारे, यांच्यावर पोवाडे होतात. आणि ते व्हावेत हें योग्यच आहे. पण रिकामा रथ घेऊन परतणाऱ्या सुमंत्रावर पोवाडा कोणीं रचला आहे? रामायणांतील हा सारथि आम्हांस नेहमींच फार मोठा वाटत आला आहे. रामाला गंगातीरीं सोडतांना तो मलाही बरोबर न्या म्हणून विनवितो. राम त्याला माघारीं धाडतो. तो अयोध्येंत शिरतांच लोक रथामागें धांवत 'राम कोठें आहे?' म्हणून विचारूं लागतात, आणि तो तोंड झांकून राजमार्गानें रथ हांकीत राजवाड्याकडे जातो. रामाबरोबर वनांत जाणें त्याला पुष्कळ सोपें झालें असतें. त्याच्या वांट्यास आलें तें कठीण कर्म म्हणजे बातमी घेऊन येणें, आणि त्या बातमीनें राजा मरतो हें पाहणें. उलट महाप्रस्थानांतील युधिष्ठिर पाहा. पत्नी व भाऊ एकामागून एक पडतात, आणि तो मागें वळून न पाहतां पुढें चालतो. प्रत्येक जण कां पडला याचें कारणही सांगतो. हा प्रसंग लहानपणापासून आम्हांस थोडा थंड वाटत आलेला आहे. पण युधिष्ठिराला पुढें स्वर्ग होता. कॉलिन्सला पुढें दोन घरें होतीं, आणि त्या घरांतून दोन स्त्रिया.

आणि असें घर कसें असतें हें त्याला ऐकून माहीत नव्हतें. १९६७ सालच्या जानेवारीच्या २७ तारखेस फ्लॉरिडांत, जमिनीवरच उभ्या असलेल्या अपोलो यानांत, आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिघे पाहतां पाहतां गेले. ते कोठें अंतराळांत नव्हते. सरावच चालला होता. त्या संध्याकाळीं चॅफीच्या घरीं जाऊन त्याच्या पत्नीस ही वार्ता सांगण्याचें काम कॉलिन्सच्या वांट्यास आलें. अडीच वर्षांनीं चंद्राभोंवतीं फिरतांना ज्या परतीची त्याला धास्ती होती, तिची शेवटची पायरी अशा रीतीनें तो आधींच एकदां चढून आलेला होता.

आतां या शिक्षणाविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे. मराठींत आपण या लोकांना 'अंतराळवीर' म्हणतों. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ तारकांमधला खलाशी एवढाच आहे; 'वीर' ही पदवी आपण पदरची जोडली आहे, आणि तिनें थोडा घोंटाळाच केला आहे. कारण वीर म्हटला कीं तो उसळून उडी घेणारा, ऐन वेळीं स्फुरण चढणारा, असें चित्र मनांत येतें. प्रत्यक्षांत या माणसांकडून जें करवून घेतलें गेलें तें स्फुरणाच्या अगदीं उलट. फिरत्या यंत्रांत बसवून त्यांचें शरीर स्वतःच्या कित्येक पट वजनाखालीं दाबलें, खालीं झेपावणाऱ्या विमानांत अर्ध्या मिनिटापुरतें निर्वजन केलें, पनामाच्या जंगलांत आणि वाळवंटांत सोडून जगण्यास शिकविलें. या साऱ्याहून अधिक वेळ गेला तो नकली यानांत. तेथें पलीकडच्या खोलींत बसलेले लोक दररोज नवीं संकटें निर्माण करीत, आणि यांनीं तीं निवारावींत. धैर्य हें आंतून उसळतें असें मानणाऱ्यांस हा प्रकार कवाईतीचा वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९६८ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस ह्यूस्टनजवळ, चंद्रावर उतरण्याच्या सरावासाठीं बनविलेलें एक विचित्र यंत्र हवेंत कलंडूं लागलें. आर्मस्ट्राँग त्यांतून बाहेर फेंकला जाऊन हवाई छत्रीनें खालीं आला, आणि यंत्र जमिनीवर आदळून जळून गेलें. त्याच दिवशीं तो कचेरींत जाऊन आपल्या टेबलाशीं काम करीत बसला होता. हें धैर्य नाहीं असें म्हणणारानें धैर्याची निराळी व्याख्या करावी.

सरावाची किंमत केवढी असते याचें दुसरें उदाहरण उड्डाणाच्या अगदीं तोंडावरचें आहे. ५ जुलै १९६९ रोजीं ह्यूस्टन येथें चाललेल्या नकली उतरणींत गणकयंत्रानें एक अनोळखी सूचना दिली. ती धोक्याची समजून तरुण अधिकाऱ्यानें उतरणें रद्द करविलें. मागाहून असें ठरलें कीं, रद्द करण्याचें कारण नव्हतें. मग अशा सर्व सूचनांची यादी बसून तयार करण्यांत आली. २० जुलैस खरें ईगल खरोखरच उतरत असतां तशाच प्रकारची सूचना आली, आणि 'चालूं द्या' हें उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आंत गेलें.

परंतु येथेंच सरावाची मर्यादाही दिसते. यंत्राच्या चुकीचा सराव करतां येतो, कारण चूक खोटी असली तरी तिचें उत्तर खरें असतें. दोन सोबत्यांना मागें सोडण्याचा सराव करतांना ते दोघे शेजारच्या खोलींत हसतबोलत असतात. हात तयार होतो. मनाला तयार करण्याची सोय कोठल्याच यंत्रांत नाहीं. तें काम कॉलिन्सला एकट्यानें, कोणास न सांगतां, सहा महिने करावें लागलें. त्याचा एकांत जर कोठें असेल तर तो येथें होता, चंद्राच्या पाठीमागें नव्हे. आणि ते दोघे त्याचे जिवाभावाचे मित्र होते असेंही नाहीं. आम्ही तिघे परस्परांशीं गोडीनें वागणारे परके होतों, अशा अर्थाचें त्याचें स्वतःचें वर्णन प्रसिद्ध आहे. म्हणजे येथें जें बंधन होतें तें स्नेहाचें नसून कामाचें होतें. आम्हांस तर तें त्यामुळें हलकें न वाटतां अधिकच वजनदार वाटतें.

सरकारनेंही आपल्या परीनें सराव केला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे भाषण-लेखक विल्यम सफायर यांनीं १८ जुलै १९६९ ही तारीख घालून एक टांचण तयार केलें होतें. दोघे चंद्रावर अडकून पडलेच तर अध्यक्षांनीं कोणतें भाषण करावें, तत्पूर्वीं त्या दोघांच्या पत्नींना दूरध्वनि करावा, आणि संपर्क तोडल्यावर धर्मोपदेशकानें समुद्रांत प्रेत सोडतांना करतात तशी प्रार्थना करावी, असें सारें त्यांत आहे. हा कागद पुष्कळ वर्षांनीं उजेडांत आला तेव्हां कित्येकांस तो निर्दय वाटला. आम्हांस त्यांत निर्दयपणा दिसत नाहीं. ज्यानें माणसें पाठविलीं त्यानें त्यांच्या मरणाचे शब्द आधीं जुळवून ठेवणें हा एक प्रकारचा आदरच आहे. आमच्या मनाला लागली ती गोष्ट दुसरी. त्या भाषणांत आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचीं नांवें आहेत, शोक आहे, गौरव आहे. कॉलिन्सचें नांव नाहीं. त्या वेळीं जो जिवंत असता, तीन दिवसांची वाट दोन रिकाम्या आसनांकडे पाहत एकट्यानें कापीत असता, त्याला उद्देशून एक ओळही कोणास सुचली नाहीं. मेलेल्यांस काय म्हणावें हें राज्यांना चांगलें येतें.

अपोलो-११ नंतर कॉलिन्सला पुन्हां चंद्राकडे जाण्याची, आणि या खेपेस स्वतः उतरण्याची, संधि मिळण्यासारखी होती. हें यान सुखरूप परतलें तर आपण थांबणार, असें त्यानें आधींच सांगून ठेविलें होतें. १९७२ पर्यंत अपोलो यानांतून १२ माणसें चंद्रावर उतरलीं. त्यांत तो नाहीं. सहा खेपांना सहा माणसें वर थांबलीं, त्यांतला तो पहिला. पुढें तो वॉशिंग्टन येथील विमान व अंतराळ संग्रहालयाचा संचालक झाला, आणि १९७६ सालीं तेथील नवी इमारत त्याच्या देखरेखीखालीं उघडली. उतरावयास मिळालें नाहीं याचें दुःख त्यानें केलें नाहीं. त्यावर कित्येकांचा विश्वास बसत नाहीं, आमचा बसतो. ज्याला परत येतांना तीन आसनें भरलेलीं दिसलीं, त्याला आणखी काय हवें होतें हें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

२१ जुलैच्या त्या दिवशीं ईगल वेळेवर उडालें. खालून वर येणारा तो ठिपका मोठा होत गेला, दोन्ही यानें जुळलीं, आणि मधलें दार उघडून ऑल्ड्रिन पहिल्यानें आंत आला. कॉलिन्सनें त्याचें डोकें दोन्ही हातांनीं धरलें, आणि तो त्याच्या कपाळाचें चुंबन घेणार, इतक्यांत त्याला संकोच वाटला व त्यानें नुसता हात हातांत घेतला. वहींतल्या १८ योजनांपैकीं एकही लागली नव्हती.